काळीची अंडी

रास अल खैमा
१४ नोव्हेंबर १९९५

सौ. नर्मदा,

मी खुशाल आहे. उन्हाळा सरला, आता पहाटे चादर लागते. संपदाला सांग, प्रगतिपुस्तक मिळालं, गणित सोडून बाकी सगळ्याबद्दल शाबासकी.

आता एक काम. काम माझं नाही, खैरुद्दीनचं. आमच्या खोलीतला तो बिहारी, मागे लिहिलं होतं बघ. त्याने आमची टाइल्सची कंपनी सोडली आणि डोंगराच्या बाजूला एका अरबाच्या मजऱ्यावर लागला. मजरा म्हणजे त्यांची शेतवाडी. खजुराची झाडं, बकऱ्या, थोडे उंट. मालकाला सगळे अर्बाब म्हणतात. माणूस वाईट नाही, पण शब्दाचा हट्टी.

या अर्बाबने देश सोडून चाललेल्या एका गोऱ्या साहेबाकडून कोंबड्या घेतल्या. रंगाने काळ्या, मानेवर तांबूस पिसं, आणि पायांवरसुद्धा पिसं. त्यांचं अंडं बघशील तर चक्रावशील. चिंचोक्याच्या रंगाचं, आणि मुठीत धरलं तर मूठ मिटत नाही एवढं मोठं. अर्बाबने ती अंडी मजलिशीत, म्हणजे त्याच्या बैठकीत, पाहुण्यांपुढे ठेवली. अल ऐनहून त्याचा चुलतभाऊ आला होता. तो हसून म्हणाला, या थंड मुलखातल्या कोंबड्या, यांची पिल्लं आपल्या उन्हात वाढू देत, दोन पिढ्यांत पांढरी अंडी घालतील, खलास. अर्बाबला ते झोंबलं. त्याने भर मजलिशीत शब्द दिला, येत्या तिसऱ्या रमजान ईदेला इथेच, इथे जन्मलेल्या कोंबड्यांची टोपलीभर अंडी ठेवीन, हाच रंग आणि हेच माप. नाही जमलं तर कोंबड्या तुझ्या. मग खैरुद्दीनकडे वळून म्हणाला, "नहीं हुआ तो मुर्गी अल ऐन, और तू अपने घर."

तर त्या बिचाऱ्याला काहीच कळत नाही. कोणती अंडी बसवायची, कोणता कोंबडा ठेवायचा? तू लहानपणापासून हेच करत आलीस. जरा सविस्तर लिही. त्याला झोप लागत नाही.

नागेश


फणसोळे
१ डिसेंबर १९९५

अहो,

पत्र पोचलं. इकडे सगळी बरी आहेत. भात झोडून झालं. संपदा गणिताचं नाव काढलं की गोठ्यात जाते.

तुमच्या खैरुद्दीनभाईंचं वाचून वाईट वाटलं. पण मला एक सांगा. तुम्ही घरी होतात तेव्हा कोंबडी आणि नुकती वयात आलेली तलंग यांतला फरक तुम्हाला फक्त सागुतीच्या ताटात कळायचा. आता मानेवरची पिसं, पायांवरची पिसं, अंड्याचा रंग, सगळं तोंडपाठ. अकरा वर्षांत तुमचं पत्र कधी अर्ध्या पानाच्या पुढे गेलं नाही. "खुशाल आहे, ड्राफ्ट पाठवला, आईच्या गुडघ्याला तेल लाव." आणि बिहारी माणसाच्या कोंबड्यांसाठी तीन पानं?

दुसऱ्याच्या कोंबड्यांपायी कोणाची झोप उडत नाही. झोप कोणाची उडालीय ते मला कळलं. कंपनीतून कधी सुटलात?

स्वतःच्या नावाने विचारा, मग सांगते. खैरुद्दीनभाईंना माझ्याकडे काही मिळायचं नाही.

नर्मदा


रास अल खैमा
५ जानेवारी १९९६

नर्मदा,

ऑगस्टमध्ये सुटलो. कंपनीने आमची पूर्ण पाळी कामावरून कमी केली. खैरुद्दीन खरा आहे, तो इथे ट्रॅक्टर चालवतो, त्यानेच मला अर्बाबकडे आणलं. कोंबड्या माझ्याकडे आहेत.

लिहिलं नाही कारण काय लिहू? अकरा वर्षांपूर्वी वाडीने हार घालून एसटीत बसवलं. आता म्हणतील, नागेश दुबईला जाऊन बायकांचं काम करतो, खुराडं झाडतो. आणि वरून ईदेनंतर अर्बाबने हाकलून दिलं तर? परत येऊन ओटीवर बसलेली माणसं मी बघितली आहेत. येणारा-जाणारा विचारतो, काय, कायमचे आलात का? मला तसं यायचं नाही. हे काम मला जमवायचंच आहे आणि मी जमवीन. तू फक्त सांग.

कोंबड्या नऊ, कोंबडे तीन. एक कोंबडा फार देखणा आहे, तुरा असा की बघत राहावं. त्यालाच ठेवू ना?

नागेश


फणसोळे
२ फेब्रुवारी १९९६

अहो,

आधी भांडते, मग सांगते.

बायकांचं काम म्हणालात. या बायकांच्या कामावर माझी आई आणि तिची आई कोणापुढे हात न पसरता जगल्या. गावात कोणाची कोंबडी खुडूक होऊन उबवायला बसली की अंडी मागायला आमच्या दारात यायचे, कारण आमच्या अंड्याला जात होती. तुम्ही खुराडं झाडता यात हसण्यासारखं काही असेल तर गेली वीस वर्षं तुम्ही माझ्यावरही हसत होतात. याचं उत्तर द्या नाहीतर देऊ नका, पण विचार करा. झालं, भांडण संपलं.

आता ऐका. नऊ कोंबड्या आहेत म्हणजे नऊ बायका आहेत. सगळ्यांचा स्वयंपाक सारखा नसतो. कोणाचं अंडं गडद, कोणाचं मोठं, कोणाचं दोन्ही, हे आधी ओळखलं पाहिजे. रोज सकाळी खुराडं उघडण्याआधी एकेकीला धरून मागून बोटाने चाचपायचं. अंडं अंगात असेल तर कडक लागतं. तिला सोडायचं नाही, वेगळ्या डालग्याखाली ठेवायचं. घातलं की अंडं उचलायचं, कोणाचं ते कोळशाने वर खूण करायची, मग तिला मोकळी करायची. महिनाभर केलंत की प्रत्येकीची हातोटी तुम्हाला कळेल. लाज वाटली तर दार लावून करा.

जिचं अंडं सगळ्यांत गडद आणि मोठं, ती तुमची खरी लक्ष्मी. तिचीच पिल्लं काढा. तिच्या पिल्लांच्या पायाला एका रंगाची चिंधी बांधा, म्हणजे पुढे घोळ नको.

आणि तुऱ्यावर भाळू नका. कोंबडा अंडं घालत नाही, पण अंड्याचा रंग त्याच्याही रक्तातून येतो, आईकडून. या तिघांच्या आया कोण ते देवाला ठाऊक, तेव्हा यंदा कोणताही अंगापिंडाने चांगला असलेला चालेल. पुढच्या खेपेला मात्र लक्ष्मीचा मुलगाच ठेवायचा, मग तो दिसायला कसाही असो.

पिल्लं तिथल्याच गावठी कोंबडीखाली काढा. या परदेशी बाया खुडूक बसतील याचा भरवसा नाही.

उत्तर लवकर पाठवा. आणि तीन पानांपेक्षा कमी नको.

नर्मदा


रास अल खैमा
२० सप्टेंबर १९९६

नर्मदा,

मधल्या पत्रांत लिहिलं नाही, आता लिहितो. उन्हाळा फार वाईट गेला. जूनपासून शेडवर ओली गोणपाटं टाकत होतो, बर्फाच्या लाद्या ठेवत होतो, तरी नऊपैकी चार गेल्या आणि तो देखणा कोंबडाही गेला. माझी लक्ष्मी मात्र टिकली. तिचं नाव मी काळी ठेवलंय. माझ्या पायाशी येऊन बसते, खैरुद्दीन चिडवतो, "तुम्हारी बीवी यहीं है, चिट्ठी किसको लिखते हो?"

पिल्लं चांगली वाढली. चिंध्यासुद्धा तू सांगितल्यासारख्या बांधल्या. पण आता तलंगा अंडी घालू लागल्यात आणि रंग बघतो तर काय? दुधाच्या चहाचा रंग. मापही आईच्या निम्म्यावर. तलंगीचं पहिलं अंडं लहान असतं हे मी समजतो, पण रंग? अल ऐनवाला बरोबर बोलला होता की काय?

तुझी विद्या कोकणातली आहे, नर्मदा. इकडच्या उन्हाला ती पुरी पडत नसेल, यात तुझा दोष नाही.

इथे सरकारने माफी जाहीर केली आहे. कागद नसलेली आपली माणसं विमानं भरभरून परत चाललीत. विमानतळावर पोचवायला गेलो होतो. लांब रांग होती. मी आणखी दोन ईदांनी त्याच रांगेत दिसेन, असं आता वाटायला लागलंय.

अर्बाब मात्र खूश आहे. रोज सकाळी काळीचं अंडं त्याच्या न्याहारीला जातं. आणि मजलिशीला पाहुणे आले की तिची आणि तिच्या जोडीच्या चांगल्या कोंबड्यांची अंडी टोपलीत वरच्या बाजूला ठेवतो. तू ओळखायला शिकवलंस म्हणून एक चुकत नाही.

नागेश


फणसोळे
१० ऑक्टोबर १९९६

अहो,

पत्र वाचून मी कपाळावर हात मारला. आणि मग हसले, कारण राग येऊनही हसू आवरेना.

काळीचं अंडं रोज अर्बाबच्या ताटात, चांगल्या कोंबड्यांची अंडी पाहुण्यांच्या टोपलीत. मग खुडकीखाली काय ठेवलंत? उरलेली! ज्या फिक्या अंड्यांकडे कोणी बघितलं नाही ती. आणि चिंधी कसली बांधलीत? उरल्यासुरल्यांची?

तुमची चूक मी समजू शकते, कारण ही आपल्या रक्तातली चूक आहे. चांगलं ते पाहुण्याला, डागी ते घरच्यांना. आंबा असो, फणस असो, माशाची तुकडी असो. माझ्या सासूबाईंनी तेच केलं. पहिलं मोठं अंडं भटजीला, दुसरं मास्तरांना, तिसरं चुलत्याला, आणि पिचकी बसवली. मी या घरात आले तेव्हा तुमच्या कोंबड्यांची अंडी लिंबाएवढी होती. आठवत नसेल तुम्हाला, तुम्ही फक्त खात होतात. मी ती रीत मोडली तेव्हा घरात महिनाभर अबोला होता. पण बियाणं कधी पाहुण्याला वाढतात का? भाताची टपोरी लोंबी आपण कणगीत बियाण्याला ठेवतो की नाही? मग?

माझी विद्या कोकणातली आहे, खरं आहे. पण कोंबडी कुठल्याही मुलखात कोंबडीच असते.

उद्यापासून काळीचं एकही अंडं कोणाला द्यायचं नाही. अर्बाबलाही नाही. मालकाला ते सांगायचं कसं ते तुम्ही बघा, तिथे माझं चालत नाही. ही थंडी हातातून गेली तर पुढे वेळ नाही.

नर्मदा


रास अल खैमा
८ डिसेंबर १९९६

नर्मदा,

सांगितलं! कसं सांगितलं ते ऐक.

तीन दिवस मी ताटात दुसरी अंडी पाठवली आणि अर्बाब काही बोलला नाही. चौथ्या दिवशी मजलिस होती. म्हातारे म्हातारे पाहुणे, कॉफीचे छोटे पेले फिरत होते. मी टोपली ठेवली, त्यात सगळी फिकी अंडी. अर्बाबने एक उचललं, उलटं-पालटं केलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "नागेश, ये क्या है? मेरा अंडा किधर गया? कौन खाता है?"

म्हणजे मी चोरतो! माझ्या कानशिलापर्यंत आग गेली. पण तुझं पत्र खिशात होतं म्हण, नाहीतर तुझा स्वभाव अंगात शिरला म्हण. मी म्हणालो, "अर्बाब, कोई नहीं खाता. बड़ा अंडा मुर्गी के नीचे रखना है. आप आज खाएगा तो ईद को क्या दिखाएगा?"

"मैं मालिक है या तू?"

"मालिक आप है. लेकिन आपका वो रेस वाला ऊँटनी है, कोई मेहमान आया तो उसको काट के खिलाता है क्या?"

मी म्हटलं, झालं, उद्या विमान. खैरुद्दीन दाराशी उभा होता, त्याने डोळे मिटून घेतले. एवढ्यात कोपऱ्यातला एक म्हातारा खो खो हसायला लागला. त्याने अर्बाबच्या मांडीवर थाप मारली आणि अरबीत काहीतरी बोलला. मग सगळेच हसले. अर्बाबने ते फिकं अंडं फोडून तिथेच तव्यावर करायला सांगितलं आणि म्हणाला, "यल्ला, जाओ. बड़ा वाला अब मैं माँगेगा नहीं. ईद तक."

आता काळीची आणि तिच्यासारख्या दोघींची सगळी अंडी माझ्या ताब्यात आहेत. ही रीत मोडायला किती जोर लागतो ते आता कळलं. तू ते माझ्या आईसमोर केलंस. तेव्हा मी तुझ्या बाजूने एक शब्दही बोललो नव्हतो.

आता एवढंच सांग. काळीच्या अंड्यांतही लहानमोठं असतं. काही तर प्रचंड असतात, दोन हातांत घ्यावीत अशी. माप मोठं पाहिजे म्हणजे तीच सगळ्यांत मोठी बसवू ना? लगेच कळव, थंडी आहे तोवर गावठ्या कोंबड्या बसवायच्या आहेत.

नागेश


रास अल खैमा
२२ जानेवारी १९९७

नर्मदा,

तुझं पत्र नाही. महिना झाला. पोस्टाचा घोळ असणार, रमजान सुरू आहे, इथे ऑफिसं अर्धी बंद असतात. काळीची अंडी वाळूच्या माठात थंडाव्याला ठेवली आहेत, पण किती दिवस ठेवू? दोन गावठ्या खुडूक होऊन बसल्या आहेत. उत्तर आलं नाही तर पुढच्या आठवड्यात शुक्रवारी सगळ्यांत मोठी अंडी बसवून टाकतो. जे होईल ते होईल, इन्शाल्ला.

आपल्याकडचा जहूर, आमच्या जुन्या खोलीतला, सुट्टीवर निघालाय, त्याच्या हातून हे पत्र पाठवतो. संगमेश्वराहून तो स्वतः आणून देईल. जमलं तर गावातल्या फोनवरून निरोप दे, मजऱ्याचा नंबर त्याच्याकडे आहे.

नागेश


फणसोळे
२५ जानेवारी १९९७

अहो,

आत्ता पोस्टात जाऊन फोनवर ओरडून सांगितलंय, तरी लिहिते, कारण फोनवर तुम्ही फक्त "हां, हां" म्हणत होतात.

सगळ्यांत मोठी अंडी बसवू नका. प्रचंड असतात त्यांत दोन बलक असतात. त्यांतून पिल्लू येत नाही, आलं तर जगत नाही. सगळी रवण, म्हणजे खुडकीखालची सगळी अंडी, फुकट जाईल. मोठं पण बेताचं, एका बाजूला निमुळतं, टरफल गुळगुळीत आणि रंग सगळीकडे सारखा असलेलं अंडं घ्या. अगदी गोल नको, वाकडं नको. ठेवणीतली जुनी टाका, ताजी घ्या. काळीच्या मागच्या वर्षीच्या एखाद्या खऱ्या मुलाला कोंबडा म्हणून ठेवा, चुकून तिचं एखादं अंडं बसवलं गेलं असेलच. आणि काळी बरेच दिवस घालत राहिली की तिचाही रंग उतरेल. घाबरू नका. दाणा कमी करून तिला विश्रांती द्या, पुन्हा घालू लागली की पहिली अंडी गडद येतील.

पत्राला उशीर झाला. घरी थोडं काम होतं.

नर्मदा


रास अल खैमा
४ फेब्रुवारी १९९८

नर्मदा!

जिंकलो!

सगळं नीट सांगतो. ईदेच्या दुसऱ्या दिवशी मजलिस भरली. अल ऐनवाला आला, बरोबर त्याचे दोन मुलगे. मी टोपलीत नुसतं भाताचं तूस पसरलं आणि त्यावर अंडी मांडली. सगळी इथे जन्मलेल्यांची, काळीच्या मुलींची आणि नातींची. काही तर आईपेक्षा गडद. अल ऐनवाल्याने एक घेतलं आणि अंगठा ओला करून घासलं. त्याला वाटलं मी रंगवली आहेत! दुसरं घासलं. मग अर्बाबने त्याला हाताला धरून शेडमध्ये नेलं. मी एका तलंगीला चाचपलं, म्हटलं, "हबीबी, दस मिनट बैठो," आणि तिला डालग्याखाली ठेवली. दहा मिनिटं नाही, बराच वेळ लागला, पण तो हटला नाही. तिने त्याच्यासमोर अंडं घातलं. ओलं, चकचकीत, चिंचोका. त्याने ते हातात धरलं तेव्हा ते अजून गरम होतं. त्याने इथल्या रीतीने अर्बाबच्या नाकाला नाक लावलं आणि तो हसला.

मग अर्बाबने सगळ्यांसमोर विचारलं, "ये काम तुमको कौन सिखाया?" मी म्हणालो, "मेरा औरत." इथे मजलिशीत कोणी बायकोचं नाव काढत नाही, पण मी काढलं. तुझं नावही सांगितलं. कोंबड्यांचं काम करतो हे सांगताना मला आता काही वाटत नाही. उलट छाती पुढे येते.

आणि मोठी बातमी. अर्बाब म्हणाला, "जब तक तू ज़िंदा है, तू इधर है." म्हणजे आता कामाची काळजी कायमची मिटली. अल ऐनवालाही माझ्या मागे लागलाय, त्याच्याकडे ये म्हणून. दहा वर्षं, पंधरा वर्षं, कोणी मला हलवू शकत नाही. हे तुझंच यश आहे. वाडीत सगळ्यांना सांग, पेढे वाट.

नागेश


फणसोळे
२१ फेब्रुवारी १९९८

अहो,

पेढे वाटले. वाडीत सांगितलंसुद्धा, माझा नवरा कोंबड्या पाळतो आणि अरब त्याच्यासमोर उभे राहतात. कोणी हसलं नाही. हसलं असतं तर मी होतेच.

आता एक गोष्ट लिहिते. ती लिहिल्याशिवाय मला पेढा गोड लागला नाही.

मागच्या वर्षी तुम्ही विचारलंत, सगळ्यांत मोठी अंडी बसवू का. तुम्हाला वाटलं पोस्टाचा घोळ. पत्र मला वेळेवर मिळालं होतं. मी महिनाभर ते फडताळात ठेवून रोज वाचत होते. "हो, मोठ्यात मोठी बसवा" एवढी एक ओळ लिहायची होती. ती थंडी वाया गेली असती, ईदेला टोपली रिकामी राहिली असती, आणि तुम्ही घरी आला असतात. उत्तर दिलं नसतं तरी तेच झालं असतं. बारा वर्षं मी ज्याची वाट बघितली ते माझ्या एका ओळीवर होतं.

ती ओळ मी लिहिलीही होती. मग चुलीत घातली. दोन कारणं. एक, कोंबडीच्या बाबतीत मला खोटं लिहिता येत नाही, हात वळत नाही. दुसरं, तुम्ही हरून आला असतात तर घरी येऊनही आला नसतात. ओटीवर बसून राहिला असतात आणि मी तुमच्याकडे बघून रोज स्वतःला शिव्या दिल्या असत्या. मला नवरा हवा होता, पण असा नको होता.

म्हणून खरं तेच सांगितलं, आणि तुम्ही जिंकलात. तुमच्या यशाने मला खरंच आनंद झाला, तो खोटा नाही. पण तुम्ही लिहिता दहा वर्षं, पंधरा वर्षं, जिवंत आहे तोवर. अर्बाबने तुम्हाला विचारलं, अल ऐनवाल्याने विचारलं. मला कोणी विचारलं नाही. काळीलासुद्धा तुम्ही मधूनमधून विश्रांती देता.

संपदा पुढच्या वर्षी दहावीला बसेल. तुम्ही गेलात तेव्हा ती रांगत होती. तुमची पत्रं ती वाचते तेव्हा म्हणते, बाबा आता किती छान लिहितात. मीही म्हणते. दोन वर्षांत तुम्ही जेवढे मला भेटलात तेवढे लग्नानंतरच्या सगळ्या सुट्ट्यांत भेटला नव्हतात. पण मला कागदावरचे तुम्ही पुरे होत नाहीत. आता तुम्हाला कोणी हाकलणार नाही. तेव्हा मी विचारते, सरळ विचारते. कधी येता?

नर्मदा


रास अल खैमा
१५ मार्च १९९८

नर्मदा,

तुझं पत्र शेडमध्ये बसून वाचलं, मग परत वाचलं. खैरुद्दीनने विचारलं, "घर में सब ठीक?" मी म्हणालो, ठीक आहे, पण मी मूर्ख आहे.

दुसऱ्या दिवशी अर्बाबकडे गेलो. म्हणालो, घरी जायचंय, कायमचं. तो भडकला. म्हणाला, मी तुला जन्मभराचा शब्द दिला, अजून काय पाहिजे? मी म्हणालो, "अर्बाब, आपने शब्द दिया, मेरी औरत ने तो पूरा झुंड दिया. अब उसका बारी है." तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी शेडमध्ये आला, खजुराच्या ओंडक्यावर बसला आणि विचारलं, कोंबड्या कोण बघणार? मी खैरुद्दीनला हाक मारली. आता तो चाचपतो, खूण करतो, चिंध्या बांधतो. पहिले काही दिवस दार लावून करायचा, आता उघड्यावर करतो.

मग अर्बाबने विचारलं, जाताना काय पाहिजे, सोनं, टीव्ही, काय? मी म्हणालो, काळीची अंडी. तो म्हणाला, "वो तो तू किसी को देता नहीं!" मी म्हणालो, खायला देत नाही. बराच हसला. मग म्हणाला, ने.

तिकीट पाच एप्रिलचं आहे. अंडी तुसात भरून हातातल्या डब्यात आणतो, सामानात टाकणार नाही. ताजी घेणार, बेताची मोठी, निमुळती. आईला सांग, मी कायमचा आलो का असं कोणी विचारलं तर हो म्हण.

आणि या दिवसांत आपली एखादी कोंबडी खुडूक झाली तर तिला पाण्यात बुडवून उठवू नकोस. बसू दे तशीच. मी अंडी घेऊन येतोय.

तुझा
नागेश